व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही ही गणितं जमतात. घोळ होतो तो आकडा कुठे, कधी आणि कशाचा घेतला यात. म्हणून इथल्या बऱ्याच उत्तरांमध्ये सूत्र एका ओळीत आटपलंय आणि बाकीची जागा मोजमापाला गेलीय. 'रोध' म्हणजे रेझिस्टन्स. पाठ्यपुस्तकात विभवांतर आणि विद्युतधारा म्हणतात. मी व्होल्टेज आणि करंटच म्हणणार, कारण वायरमनही तेच म्हणतो.

माझ्याकडे व्होल्टेज आणि करंट हे दोनच आकडे आहेत. रोध आणि पॉवर कशी काढू?

भागलं की रोध, गुणलं की पॉवर.

रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर (वॅट) = व्होल्टेज × करंट

घरातली कपड्यांची इस्त्री घ्या. ती चालू असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट मिळाले आणि करंट ४.२ अँपिअर आला. २२८ ÷ ४.२ = ५४.३ ओहम. २२८ × ४.२ = ९५८ वॅट. इस्त्रीच्या बुडाशी १००० वॅट छापलेलं असेल, तर ती अगदी ठणठणीत आहे. छापील वॅट २३० व्होल्टला धरलेले असतात आणि कॉइल बनवताना थोडं इकडेतिकडे होतंच.

एकच पथ्य. दोन्ही आकडे एकाच वेळचे हवेत. व्होल्टेज सकाळी मोजलं आणि करंट रात्री, तर येणारा रोध कुठल्याच इस्त्रीचा नसतो.

पुस्तकात पॉवरची तीन-तीन सूत्रं असतात. पाठ कोणतं करू?

वरची दोन पुरे. बाकीची त्यांच्यातूनच निघतात: पॉवर = करंटचा वर्ग × रोध, आणि पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. करंट माहीत नसला की दुसरं कामाला येतं, व्होल्टेज माहीत नसलं की पहिलं.

पण त्या दोन सूत्रांत भांडण दिसतं. एकात रोध वाढला की उष्णता वाढते, दुसऱ्यात कमी होते. खरं कोणतं?

हा प्रश्न दहावीच्या मुलापासून डिप्लोमावाल्यापर्यंत सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवा. दोन्ही खरी. प्रश्न एवढाच की, रोध बदलताना दुसरं काय स्थिर राहिलंय.

घरातल्या सॉकेटवर व्होल्टेज स्थिर असतं. तिथे रोध कमी केला की करंट वाढतो आणि वॅटही वाढतात. कॉइलची उघडी शेगडी वापरलेल्यांना हे ठाऊक असेल. स्प्रिंग तुटली की दोन टोकं ओढून पीळ द्यायचा आणि पुन्हा चालू. शेगडी आधीपेक्षा लालबुंद! घरातले खूश, आणि पंधरा दिवसांत स्प्रिंग पुन्हा तुटलेली. हिशेब बघा. १००० वॅटच्या कॉइलचा रोध ५२.९ ओहम. तुटलेला आठवा भाग काढून टाकला, उरले ४६.३ ओहम. २३०चा वर्ग ५२,९००, भागिले ४६.३, म्हणजे ११४३ वॅट. तार तीच, पण आखूड झाली आणि डोक्यावर जास्त ओझं आलं. तुटणारच.

उलट, एकामागे एक जोडलेल्या वस्तूंमध्ये (म्हणजे सीरीजमध्ये) सगळ्यांतून करंट एकच जातो. तिथे ज्याचा रोध जास्त, तो जास्त तापतो. ४० वॅट आणि १०० वॅटचे दोन जुने बल्ब सीरीजमध्ये लावून बघा: ४०चा झगझगतो, १००चा मलूल. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "उलटे लावलेत का?"

करंटसाठी 'आय' हे अक्षर का? 'सी' का नाही?

अँपिअर हे फ्रेंच शास्त्रज्ञ करंटला 'इंटेन्सिते' म्हणजे तीव्रता म्हणत, त्याचं आद्याक्षर राहिलं.

वॅट आणि युनिट एकच का?

नाही. वॅट म्हणजे वीज खायचा वेग. युनिट म्हणजे एकूण किती खाल्ली. १००० वॅट तासभर चालले की एक युनिट. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला तरी एकच युनिट.

गिझरवर फक्त '२००० वॅट, २३० व्होल्ट' लिहिलंय. करंट आणि रोध काढता येईल?

येईल. २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. मग २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम.

या ८.७वर प्लगचा निर्णय होतो. आपल्याकडे लहान पिनांचा प्लग ६ अँपिअरचा आणि जाड पिनांचा १६ अँपिअरचा. लहान सॉकेटची मजल २३० × ६ = १३८० वॅटपर्यंत. त्यामुळे गिझर, मोठी किटली, एसी हे जाड पिनांवरच. जाड पिना लहान सॉकेटात बसवून देणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात, पण ते प्लगचा आकार बदलतात, आतल्या वायरची जाडी बदलत नाहीत.

गिझर बंद, प्लग बाहेर, थर्मोस्टॅटचा (पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचचा) नॉब पूर्ण पुढे, आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांना लावला, तर २६च्या आसपास आकडा यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट (आतली तापणारी कॉइल) तुटलंय किंवा थर्मोस्टॅट वाट तोडून बसलाय. तसंच फेजची पिन आणि मोठी अर्थची पिन यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये. तिथे काही हजार ओहम जरी दिसले, तरी पाणी एलिमेंटच्या आत शिरलंय असं समजा आणि तो गिझर लावू नका.

आमच्याकडे संध्याकाळी १८० व्होल्टच येतात. तेव्हा २००० वॅटचा गिझर किती वॅटचा उरतो?

इथे लोक सरळ त्रैराशिक मांडतात आणि १५६५ वॅट काढतात. चुकतं. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, कारण बदलत नाही तो रोध. १८० ÷ २६.४५ = ६.८ अँपिअर, १८० × ६.८ = १२२५ वॅट. व्होल्टेज पाचवा हिस्सा गेलं आणि उष्णता जवळजवळ चाळीस टक्के गेली.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.५२ युनिट लागतं. २३० व्होल्टला ते १६ मिनिटांत होईल, १८०ला २६ मिनिटं लागतील. बिल मात्र कमी होत नाही. पाणी तेवढंच तापवायचंय, युनिटं तेवढीच. वेळ वाढला म्हणून टाकीतून बाहेर जाणारी उष्णता थोडी वाढते, एवढंच.

१०० वॅटच्या बल्बचा रोध मीटरवर ३८ ओहम येतो. सूत्राने ५२९ येतो. मीटर बिघडलाय का?

मीटर ठीक आहे आणि सूत्रही ठीक आहे. तुम्ही थंड बल्ब मोजलात.

बल्बच्या आतली टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. मल्टिमीटर आपल्या छोट्या बॅटरीने जो करंट सोडतो, त्याने तार कोमटसुद्धा होत नाही. म्हणून त्याला ३८ दिसतात. २३० व्होल्टला प्रकाश देताना तोच बल्ब ५२९ ओहमचा असतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट २३० ÷ ३८ = ६ अँपिअर असतो; डोळ्याची पापणी लवायच्या आत तो ०.४३वर येतो. जुने बल्ब बटण दाबतानाच का उडायचे, ते यात आलं.

गिझर किंवा इस्त्रीच्या कॉइलचं असं होत नाही. ती निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते, आणि निक्रोमचा रोध तापल्यावर काही टक्केच हलतो. म्हणून गिझरवर मल्टिमीटर आणि सूत्र दोघांचं जमतं, बल्बवर जमत नाही.

ओहमचा नियम सांगताना 'तापमान स्थिर असताना' हे शब्द पुस्तकात असतात आणि परीक्षेत नेमके तेच गाळले जातात. खुद्द गेऑर्ग ओहमलाही स्थिर मोजमापासाठी झगडावं लागलं होतं. तो जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवत असे. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर मोजता मोजता बदलायचा, म्हणून त्याने बॅटरी सोडली आणि तांबं व बिस्मथ यांचा सांधा वापरला. त्याची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला ठेवली की व्होल्टेज तयार होतं: एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग कुठे आकडे जुळले. १८२७ साली पुस्तक आलं, तेव्हा त्याच्याच देशात फारशी दाद मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिलं.

मग वायरमन अजून तो १०० वॅटचा बल्ब पिशवीत का बाळगतात?

सीरीज बोर्डासाठी. रिपेअरिंगच्या दुकानात टेबलावर एक होल्डर आणि एक सॉकेट एकामागे एक जोडलेले दिसतील, तोच सीरीज बोर्ड. बिघडलेली वस्तू त्या सॉकेटात लावायची. आत शॉर्ट असेल तर अख्खे २३० व्होल्ट बल्बवर येतात, बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट ०.४३ अँपिअरच्या वर जातच नाही. फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही.

चांगली इस्त्री लावली तरी बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो, इथे शिकाऊ पोरं फसतात. इस्त्रीचे ५३ ओहम बल्बच्या पाचशेपुढे किरकोळ आहेत. इस्त्रीच्या वाट्याला वीसेक व्होल्ट आणि नऊ-दहा वॅट येतात. ती गरमसुद्धा होत नाही. शॉर्ट आणि चांगली इस्त्री यांतला फरक प्रकाशाच्या जराशा उतरण्यात असतो, आणि तो डोळ्याला कळायला काही महिने जातात. एलईडी बल्ब इथे चालत नाही; त्याच्या आतलं सर्किट तार म्हणून वागतच नाही.

पाण्याच्या मोटरचं व्होल्टेज भागिले करंट केलं, तर वायंडिंगचा (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा) रोध मिळेल का?

नाही मिळणार. इस्त्रीत वीज शिरते ती सगळी उष्णता होते. मोटर वीज घेऊन फिरते, आणि फिरताना स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. पुरवठ्याच्या करंटला अडवणारं मुख्य हे उलटं व्होल्टेज असतं. तांब्याचा रोध त्या मानाने थोडा.

समजा, एक एचपीची सिंगल फेज मोटर ६.५ अँपिअर घेतेय. २३० ÷ ६.५ = ३५. हा आकडा इंपिडन्सचा, म्हणजे करंटला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा; नुसत्या रोधाचा नाही. मोटर बंद करून मेन वायंडिंग मोजलं, तर तीन-चार ओहमच दिसतील. आता मोटर जाम झाली, गाळ अडकला, शाफ्ट फिरत नाही. उलटं व्होल्टेज गेलं. करंट चालू करंटच्या पाच-सहा पट होतो, आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पंचवीस ते छत्तीस पट. मोटर गुंगुं करतेय पण फिरत नाही, असं दिसलं की विचार न करता स्विच बंद करा. तिथे मिनिटांचा नाही, सेकंदांचा प्रश्न असतो.

पॉवरचंही तसंच. २३० × ६.५ = १४९५, पण हे वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. एसी पुरवठ्यात (दिशा सतत बदलणाऱ्या, म्हणजे घरच्याच विजेत) मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे चालतो. म्हणून पॉवर फॅक्टरने, म्हणजे यातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा सांगणाऱ्या आकड्याने, गुणावं लागतं. तो ०.७५ धरला तर १४९५ × ०.७५ = ११२१ वॅट. त्यातले ७४६ वॅट, म्हणजे एक एचपी, शाफ्टवर मिळतात; बाकी आवाज, घर्षण आणि उष्णता यांत जातात.

इस्त्री, गिझर, टोस्टर, पाण्याचा रॉड: पॉवर फॅक्टर १, बिनधास्त गुणा. मोटर, फ्रिज, स्वस्तातले एलईडी बल्ब: थांबा आणि पॉवर फॅक्टर विचारा.

शेतातल्या ५ एचपी थ्री फेज मोटरचा करंट किती?

अंगठ्याचा नियम: ४१५ व्होल्टला एचपीमागे दीड अँपिअर. ५ एचपीला प्रत्येक फेजमध्ये साडेसातच्या आसपास. नीट काढायचा तर वॅटला १.७३२ × व्होल्टेज × पॉवर फॅक्टर × कार्यक्षमता यांनी भागा. एका फेजला ७ आणि दुसऱ्याला ११ दिसत असेल, तर सूत्र राहू द्या. फेज कमी-जास्त येतेय किंवा वायंडिंगला काही झालंय.

गिझरचा प्लग काळा पडतो, जळका वास येतो. एमसीबी मात्र पडत नाही. का?

कारण एमसीबीच्या, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, दृष्टीने सगळं आलबेल आहे.

आमच्याच घरी हे झालं. सॉकेटची फेजची भोकं सैल झाली होती. प्लग हलवला की गिझरचा दिवा लुकलुकायचा, आणि आम्ही प्लग थोडा वाकडा दाबून काम भागवत होतो. एके सकाळी प्लग उपसायला गेलो, तर पिन प्लास्टिकमधून निघून सॉकेटातच राहिली. बोर्डाच्या मागे वायरचं पीव्हीसी कोळशासारखं.

हिशेब नंतर केला. सैल सांध्याचा रोध एक तृतीयांश ओहम धरा. तो मल्टिमीटरच्या काड्यांच्या रोधाइतका, सहज दुर्लक्ष होईल असा. करंट ८.७. उष्णता = करंटचा वर्ग × रोध = ७५.७ × ०.३३ = २५ वॅट. पंचवीस वॅट म्हणजे बाजारात मिळणारी छोटी सोल्डरिंग आयर्न. ती चालू करून प्लगच्या आत कोंबून ठेवली, असंच ते रोज सकाळी होत होतं. एकूण करंट मात्र ८.७चा ८.६ झाला, म्हणजे कमीच. १६ अँपिअरच्या एमसीबीने का पडावं?

एमसीबी वायरमधून जाणारा जादा करंट बघतो. सैल सांधा बघायला हातच हवा: गिझर दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा आणि पिनांच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर सॉकेट बदला, प्लगसकट. जुनी जळकी पिन नव्या सॉकेटलाही काळं करते.

ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या वायरचा रोध मोजता येतो का?

येतो, आणि या पानावरचा हा माझा सगळ्यात आवडता हिशेब आहे. खांबावर चढायचं नाही, काही सोडवायचं नाही.

सगळं बंद ठेवून सॉकेटवर व्होल्टेज बघा. समजा २३२. आता गिझर चालू करून दुसऱ्या सॉकेटवर लगेच बघा. समजा २२५. सात व्होल्ट कुठे गेले? वाटेतल्या वायरींनी खाल्ले. गिझरचा करंट तेव्हा ८.५ होता. ७ ÷ ८.५ = ०.८२ ओहम. फेज, न्यूट्रल, खांबावरची जोडणी, मीटर, मेन स्विच, सगळ्यांचा मिळून हा रोध. त्यात ७ × ८.५ = ६० वॅट नुसते वाया जातायत.

पुरवठा आपणहून वर-खाली होत असतो, म्हणून चार-पाच वेळा चालू-बंद करून सरासरी घ्या. पडताळा हवा असेल तर: २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. बोर्ड २० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. उरलेला अर्धा ओहम बाहेरचा. शेजाऱ्याकडे हाच प्रयोग केला आणि तिथे तीन व्होल्टच उतरले, तर तुमच्या सर्व्हिस वायरचा एखादा जोड सैल आहे, असं वायरमनला आकड्यानिशी सांगता येतं. "लाइट डीम होते" यापेक्षा त्याला वजन येतं.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) शून्यच दाखवतो.

दोन्ही वायरी एकदम जबड्यात घेतल्या असतील. फेजमधून जातो तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत येतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. एकच वायर पकडा. करंट फारच छोटा असेल तर तीच वायर जबड्याभोवती दहा वेळा गुंडाळा आणि येणाऱ्या आकड्याला दहाने भागा.

साध्या मल्टिमीटरने करंट मोजायला काड्या थेट सॉकेटमध्ये घातल्या तर?

घालू नका. अँपिअरच्या भोकात काडी असताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. २३० भागिले जवळजवळ शून्य म्हणजे काय, ते स्फोटाच्या आवाजाने कळतं. करंट मोजताना मीटर वाटेत बसतो, वस्तूच्या सीरीजमध्ये; व्होल्टेज मोजताना दोन टोकांवर. घरच्या पुरवठ्यावर करंटसाठी क्लॅम्पच वापरा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीची केबल इतकी जाड का? लोड तर दोन पंखे आणि टीव्ही.

४०० वॅट धरा. २३० व्होल्टच्या बाजूला १.७ अँपिअर. इन्व्हर्टर आत थोडं खातो, तेव्हा बॅटरीकडून ५०० वॅट घेईल, आणि बॅटरी आहे १२ व्होल्टची: ५०० ÷ १२ = जवळपास ४२ अँपिअर. इथे ०.०१ ओहमचा सांधासुद्धा १८ वॅट जाळतो आणि बारातले ०.४ व्होल्ट गिळतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुगा जमला की बॅकअप का घटतो, ते आता सांगायला नको.

१२ व्होल्टवर एक एलईडी लावायचा आहे. रेझिस्टर कोणता?

पांढरा एलईडी स्वतःवर ३ व्होल्ट ठेवतो, उरले ९. करंट २० मिलिअँपिअर हवा. ९ ÷ ०.०२ = ४५० ओहम. बाजारात ४७० मिळतो, त्यावरचे पट्टे: पिवळा, जांभळा, तपकिरी. त्यावर ९ × ०.०२ = ०.१८ वॅट. पाव वॅटचा चालेल, अर्ध्या वॅटचा गार राहील. बाइकवर लावणार असाल तर १२ नाही, १४ व्होल्ट धरा.

शॉक व्होल्टेजने बसतो की करंटने?

व्होल्टेज ढकलतं, करंट मारतो. ओल्या हातांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, तो याचसाठी. ६ किंवा १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारे हे पाव अँपिअर दिसतही नाहीत. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस.

लांब वीज नेताना लाखो व्होल्ट कशाला?

चंद्रपूर ते पडघे ही डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन घ्या. डीसी असल्याने पॉवर फॅक्टरची भानगड नाही, साधा भागाकार चालतो. ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १९९९पासून चालू. दोन ध्रुवांमध्ये दहा लाख व्होल्ट. १५० कोटी वॅट ÷ १० लाख व्होल्ट = १५०० अँपिअर. तीच पॉवर २३० व्होल्टने न्यायची म्हटलं, तर ६५ लाख अँपिअर लागतील. वायरमधलं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं: व्होल्टेज दसपट केलं की त्याच वायरीत नुकसान शंभरावा हिस्सा.

मुंबईची लोकलही यातून गेली. ३ फेब्रुवारी १९२५ला तेव्हाच्या व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. समजा, गाडी ३ मेगावॅट घेतेय. १५०० व्होल्टला त्याचे २००० अँपिअर होतात, आणि तेवढे पेलायला सबस्टेशनं जवळजवळ लागतात. आता उपनगरी मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आहेत. तीच गाडी १२० अँपिअरमध्ये भागवते.

माझ्याकडे ना क्लॅम्प, ना मल्टिमीटर. एखाद्या वस्तूचे वॅट कसे काढू?

घरच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याशेजारी एका युनिटमागे किती लुकलुकी ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्या मीटरवर असेल तो आकडा घ्या. ३६ लाखांना त्या आकड्याने भागा. ३२०० असेल तर ११२५ येतात. हा आकडा मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

आता घरातलं बाकी सगळं बंद करा, हवी ती वस्तू चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. वॅट = ११२५ ÷ सेकंद. नीट आकडा हवा तर दहा लुकलुकींचा वेळ घेऊन दहाने भागा, आणि पहिल्या लुकलुकीला 'एक' नाही, 'शून्य' म्हणा; नाहीतर दहा टक्के तिथेच चुकतात. साडेसात सेकंदांनी एक, म्हणजे १५० वॅट, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू आहे. सेकंदाला जवळजवळ दोन, म्हणजे गिझर.

यात व्होल्टेज मोजावं लागत नाही, करंटही नाही. मीटर दर क्षणी दोघांचा गुणाकार करत असतो, पॉवर फॅक्टरसकट. रात्री सगळे दिवे-पंखे बंद करून, फ्रिजचाही प्लग काढून एकदा मीटरपुढे उभे राहा. आमच्याकडे तरीही दिवा दीड मिनिटाला एकदा लुकलुकत होता. ११२५ ÷ ९० = साडेबारा वॅट, महिन्याला नऊ युनिटं. सेट-टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर आणि माळ्यावर कधीतरी लावून विसरलेला एक चार्जर.